जुन्या पिकअपमधला पुन्हा पुन्हा येणारा इलेक्ट्रिकल फॉल्ट

बॅटरी नवी टाकली तरी सेल्फ (स्टार्टर मोटर) अडतो. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) दुरुस्त होऊन आला तरी दिवे पिवळेच. फ्यूज तर खड्डा आला की उडतो. जुन्या पिकअपच्या अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा गंजलेला, सैल झालेला किंवा घासलेला एखादा जोड असतो. पार्ट बदलताना तो जोड आपोआप उघडला जातो आणि पुन्हा घट्ट बसतो. त्यामुळे गाडी थोडे दिवस नीट चालते, नव्या पार्टला श्रेय मिळतं आणि मग तोच फॉल्ट परत येतो.

खालचा क्रम १२ व्होल्टच्या आणि मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी आहे. फार जुन्या काही गाड्यांत प्लस बॉडीला असतो, म्हणून बॅटरीची कोणती केबल बॉडीवर जाते ते आधी बघून घ्या.

लक्षणं

सेल्फ मारताना येणारा आवाज बरंच सांगतो. एकच जड "टक्" आला आणि इंजिन हललं नाही, तर सॉलिनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला गेला आहे, पण मोटरला पुरेसा करंट मिळत नाही किंवा सेल्फच्या आतले संपर्क जळाले आहेत. भराभर "टकटकटक" होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल खराब आहे. काहीच आवाज नसेल तर इग्निशन स्विच, सेल्फचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फवर जाणारी बारीक वायर बघावी लागेल. काही गाड्यांत क्लच किंवा न्यूट्रलचा स्विचही या वाटेत असतो.

बाकीची नेहमीची लक्षणं:

- ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा मागचा पार्किंग दिवा लुकलुकतो.
- हेडलाइट पिवळट, रेस केल्यावर थोडे उजळतात.
- इंधनाचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम खोटं दाखवतात.
- संध्याकाळी धडधाकट असलेली बॅटरी सकाळी मेलेली.
- एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, बहुधा खराब रस्त्यावर किंवा माल भरल्यावर.
- बॅटरीचा लाल दिवा चालू इंजिनात मंद पेटलेला राहतो, किंवा चावी लावल्यावर मुळीच पेटत नाही.
- चोक, क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर गरम लागते.

एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या असतील तर त्या सगळ्यांना सामाईक काय आहे ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते अर्थिंग निघतं, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला करंट परत नेणारी वाट.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, बल्बवाला टेस्ट लॅम्प, १० आणि १३ चा पाना, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा आणि दोन वायर जोडलेला २१ वॅटचा एक जुना बल्ब. शेवटच्या वस्तूचा उपयोग पुढे येतो.

मल्टिमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला? कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. एकाच तारेवर लोंबकळणाऱ्या वायरवरही तो १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपली फसगत होते. बल्ब मात्र करंट मागतो, आणि वायर कमजोर असेल तर मंद पेटून तिचं खरं रूप दाखवतो. कंप्यूटर किंवा एअरबॅगच्या वायरींवर मात्र टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

हातातली अंगठी आणि धातूचं कडं काढून ठेवा. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

१. टर्मिनल

टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने हललं तर फॉल्ट कदाचित इथेच संपला. न हललं तरी एकदा उघडाच. वरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत काळपट थर बसलेला असतो आणि तोच करंट अडवतो. पांढरा किंवा हिरवट-निळा फुलोरा असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्पची आतली बाजू ब्रशने घासून धातू उघडा करा.

काढताना आधी मायनस काढायचा आणि लावताना तो शेवटी लावायचा. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर सरळ शॉर्ट होतो आणि पाना तिथेच चिकटू शकतो. व्हॅसलीन लावायचं असेल तर क्लॅम्प घट्ट झाल्यावर वरून.

केबल क्लॅम्पमध्ये शिरते ती जागाही वाकवून बघा. इन्सुलेशन फुगलेलं किंवा आत कुरकुर लागली तर तांबं हिरवं पडून सडलं आहे, आणि अशी केबल बदलावीच लागते. टोक कापून नवा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) बसवून चालेल का? आतलं तांबं लालसर निघेपर्यंत मागे कापता आलं आणि लांबी पुरली तरच.

२. बॅटरी

गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. चार्जिंगनंतर वरवर चढलेला व्होल्टेज त्याने उतरतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी.

आता मीटर पोस्टवर धरून सेल्फ मारा. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. गेला तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा हीच चाचणी घ्या. उतरलेल्या बॅटरीला खराब ठरवणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल बघा. भरलेल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८० असते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी संपली.

लगे हात आणखी एक मोजणी करा. एक टोक पोस्टवर, दुसरं त्याच पोस्टच्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट आला तर बॅटरी चांगली असूनही तेवढा तिथेच वाया जातो आहे.

३. अर्थिंग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पिकअपची रचना कारपेक्षा वेगळी असते. चॅसी, केबिन आणि हौदा हे तीन वेगळे भाग बोल्टने एकत्र धरलेले असतात, आणि इंजिन व बहुतेक गाड्यांत केबिनही रबरांवर बसलेली असते. रबर करंट नेत नाही. म्हणून चार वाटा तपासायच्या: बॅटरीपासून चॅसी किंवा बॉडी, इंजिनपासून चॅसी, केबिनपासून चॅसी आणि हौद्यापासून चॅसी. यातली इंजिनची पट्टी (इंजिन आणि चॅसी जोडणारी अर्थची केबल) सगळ्यात आधी तुटते, कारण इंजिन दर वेळी हलतं. गिअरबॉक्स किंवा क्लचचं काम झाल्यावर ती परत न लावता गाडी बाहेर पडते, हेही नेहमीचंच.

पट्टी नसली की सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मिळेल त्या वाटेने परत जातो: चोकची केबल, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. त्या गरम होतात त्या यामुळेच. कधी कधी त्या आतून वितळून अडकतात, आणि मग मेकॅनिक दर वेळी नवी केबल टाकत बसतो.

मोजायची पद्धत अशी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल गाडीत इंधन बंद करणाऱ्या सॉलिनॉइडची वायर काढा, पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची फीड काढा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ किंवा जास्त आला तर वाट खराब आहे. प्लसच्या बाजूलाही तसंच करा: बॅटरीचा प्लस पोस्ट ते सेल्फचा मोठा बोल्ट, इथे ०.५ पर्यंत चालतं. मग हेडलाइट लावून मायनस पोस्ट ते केबिनचा उघडा धातू मोजा. तिथे ०.१ च्या आसपास यायला हवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये त्याला गार होऊ द्या.

मीटर नसेल तर जंप केबलचं एक टोक मायनस पोस्टला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. इंजिन एकदम जोमाने फिरलं तर अर्थिंगच दोषी आहे. ही चाचणी सेल्फ उतरवण्याच्या आधी, एकदा तरी, झालीच पाहिजे.

दुरुस्ती करताना बोल्ट नुसता आवळू नका. तो काढा, रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा, लग पॉलिश पेपरने घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. रंगवलेल्या चॅसीवर नुसता लग दाबला तर तो रंगालाच चिकटतो. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत मूळ केबलच्याच जाडीची एक जादा केबल टाकणं हा जुन्या गाडीतला सगळ्यात फायद्याचा बदल आहे.

मागच्या दिव्यांचं कोडंही इथेच सुटतं. टेल लॅम्पच्या बल्बात २१ आणि ५ वॅटच्या दोन फिलामेंट एकाच अर्थवर असतात. तो अर्थ हौद्याच्या गंजलेल्या पत्र्यावर असला की ब्रेकचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो: ५ वॅटच्या फिलामेंटमधून मागे पार्किंगच्या वायरीत, आणि तिथून शेजारच्या दिव्यांत. म्हणून ब्रेक दाबला की भलतंच पेटतं. दोन्ही टेल लॅम्पच्या होल्डरपासून चॅसीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका. हौद्याच्या पत्र्यावर भरवसा नको.

४. फ्यूज

फ्यूज डोळ्याने बघून ठरवू नका. टेस्ट लॅम्प अर्थला लावून फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेकवा. दोन्हीकडे सारखा उजेड हवा. जुन्या काचेच्या किंवा सिरॅमिक फ्यूजांत तार शाबूत असते आणि टोकं काळवंडलेली असतात. असा फ्यूज जागेवर फिरवला की दिवा लागतो, महिन्याने परत जातो. क्लिपा घासा आणि किंचित आत वाकवून घट्ट करा. फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर तिथला जोड तापतो आहे.

पट्टीच्या फ्यूजांत लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा. फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. त्यामुळे १० च्या जागी २० टाकला की पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी वायर जळते. चांदीचा कागद गुंडाळणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

सगळी गाडीच मेली असेल तर बॅटरी किंवा सेल्फजवळची फ्यूजिबल लिंक (मुख्य फ्यूजचं काम करणारी वायर) बघा. हलके ओढल्यावर ती रबरासारखी ताणली गेली तर आतली तार तुटली आहे.

५. चार्जिंग

बेल्ट आधी. तो चमकत असेल, चिरला असेल किंवा सैल असेल तर पुढचे आकडे निरर्थक. मग इंजिन आयडलपेक्षा थोडं वर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ बरोबर. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.५ च्या आसपास टिकायला हवा. १३ च्या खाली म्हणजे चार्जिंग नाही. १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला: बॅटरीचं पाणी आटतं, बल्ब भराभर जातात.

बॅटरीवर कमी दिसतो म्हणून डायनॅमो उतरवायला घेऊ नका. आधी डायनॅमोच्या मोठ्या बी प्लस (B+) बोल्टवर, म्हणजे बॅटरीकडे जाणाऱ्या केबलच्या बोल्टवर, मोजा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर डायनॅमो ठीक आहे, मधली केबल एक व्होल्ट खाते आहे.

लाल दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनॅमोला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो. चावी लावल्यावर तो पेटत नसेल तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा वायर बघा. डायनॅमो चांगला असूनही, नुसत्या एका उडालेल्या बल्बामुळे, चार्जिंग बंद पडतं.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "डायनॅमो चालतो का" बघण्याची जुनी सवय सोडा. व्होल्टेज क्षणात उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, टेप, जे नाजूक असेल ते जातं.

६. रात्रीत बॅटरी उतरते

सगळं बंद, दारं बंद. मायनस केबल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून पोस्ट आणि केबलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज जाईल. इलेक्ट्रॉनिक उपकरणं असलेल्या गाडीत अर्धा तास थांबा, ती झोपायला वेळ घेतात.

०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. घड्याळ किंवा टेप नसलेल्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा अँपिअर गळत असेल तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० च्या बॅटरीतले चाळीस टक्के. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला ते सर्किट. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर बॅटरी पूर्ण सोडवून डायनॅमोची बी प्लस वायर काढा, तिचं टोक टेपने झाका आणि पुन्हा मोजा. आकडा गेला तर डायोड गळतो आहे. अडकलेला ब्रेक लाइटचा स्विच आणि फ्यूज न घालता थेट बॅटरीला जोडलेली नंतरची उपकरणं हे बाकीचे ठरलेले संशयित.

७. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो

इथे तो २१ वॅटचा बल्ब. उडालेला फ्यूज काढून त्याच्या जागी, फ्यूज बॉक्समधल्या दोन टोकांना, बल्बच्या दोन वायर जोडा आणि त्या सर्किटवरचे दिवे, हॉर्न, मोटर यांचे कपलर काढून ठेवा. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट अजून आहे. बल्बामुळे करंट दोन अँपिअरच्या आत राहतो, काही जळत नाही आणि एकामागून एक फ्यूज वाया जात नाहीत. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत मागे जा. बल्ब विझला किंवा लुकलुकला की तुमचा हात त्या जागेवरच आहे.

शोधायच्या जागा: चॅसीला हार्नेस धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ, हौद्याच्या पत्र्यात वायर शिरते तिथलं सुटलेलं रबर, केबिनच्या पुढच्या भिंतीतलं भोक, स्टीअरिंगच्या खालचा झुपका, गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचची वायर, ट्रेलरचं सॉकेट आणि सायलेन्सरजवळून जाणारी प्रत्येक वायर. माल भरल्यावरच फ्यूज उडत असेल तर हौद्याखालून सुरुवात करा.

जोड क्रिंप करून किंवा सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवा. सोल्डरच्या जोडाला लगेच पुढे आधार द्या, कारण हलणारी वायर नेमकी सोल्डर संपतो तिथे तुटते. नुसती पिळून टेप लावलेली वायर चॅसीखाली एक पावसाळा काढत नाही.

८. स्विच आणि रिले

हेडलाइट पिवळे असतील तर ते लावून बल्बच्या कपलरमध्ये मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी असेल तर तो वाटेत वाया जातो आहे. उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाला की जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, म्हणून स्विच बदलून काही वर्षांत तेच होतं. कायमचा उपाय रिले: ३० नंबरला बॅटरीतून १५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे, ८७ वरून दिव्याला, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. डिपर आणि अपरला वेगळे रिले, २.५ चौरस मिलिमीटरची वायर.

दोन्ही काटे एकदम चुकत असतील तर सेन्सर बदलू नका. मीटर पॅनेलचा अर्थ आणि त्यामागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. इंडिकेटर एका बाजूलाच भराभर वाजत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेला आहे किंवा तिथे एलईडी बसवला आहे.

इथे थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा

वायर जळाल्याचा वास किंवा धूर आला तर बॅटरीचा मायनस काढा आणि पुढे काही करू नका. हार्नेसमधल्या वायरी एकमेकींना चिकटून वितळल्या असतील तर तुकडे जोडून भागत नाही. फुगलेली, गळणारी किंवा कुजक्या अंड्यांसारखा वास येणारी बॅटरी चार्जही करायची नाही आणि जंपही द्यायचा नाही. इंधनाची गळती असताना, किंवा टाकीच्या फ्लोटच्या वायरींवर, घरी प्रयोग नकोत. एअरबॅगचे पिवळे कपलर, एबीएस आणि इंजिनचा कंप्यूटर यांना टेस्ट लॅम्पच काय, हातही लावू नका. सगळे जोड स्वच्छ करूनही सेल्फ नुसताच "टक्" करतो, किंवा बी प्लसवरच व्होल्टेज येत नाही, तेव्हा सेल्फ किंवा डायनॅमो उघडायची वेळ आली आहे. कार्बन, बेअरिंग, डायोडचं काम बेंचवरच नीट होतं.

गाडी देताना "लाइटचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका. उभी असतानाचा, सेल्फ मारतानाचा आणि इंजिन चालू असतानाचा व्होल्टेज, इंजिन ब्लॉकच्या अर्थचा आकडा, कोणता फ्यूज कधी उडतो आणि कोणती जादा उपकरणं नंतर बसवली आहेत, हे कागदावर लिहून द्या.